दुसरं वजन होईपर्यंत

वाचकाचं पत्र:

ताई, मी सातारा जिल्ह्यातली अंगणवाडी सेविका. वय ५२. अडीच वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आठ केमो झाल्या, पंधरा दिवस रेडिएशनची लाईट घेतली, आता रोज लेट्रोझोलची गोळी. सगळं सुरळीत चाललं होतं. मध्ये महिनाभर खोकला राहिला म्हणून डॉक्टरांनी छातीचा सीटी करायला सांगितला. रिपोर्टमध्ये आलं, उजव्या फुफ्फुसात खाली ५ मिलिमीटरची गाठ आहे, कशाची ते नक्की सांगता येत नाही, आजार पसरला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही करायचं नाही, तीन महिन्यांनी परत सीटी काढू. याला तीन आठवडे झाले. खोकला गेला, पण झोप गेली ती परत आली नाही. मिस्टर म्हणतात, निगेटिव्ह विचार करू नकोस, त्यानंच आजार वाढतो. दीर म्हणतात, थांबायचं कशाला, पेट स्कॅन करून टाकू, पैसे मी भरतो. मोबाइलवर वाचायला बसलं की पोटात गोळा येतो. लेकीला सातवा लागलाय, पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येईल. तिला यातलं काहीच माहीत नाही. दुपट्यांसाठी जुन्या सुती साड्या काढून ठेवल्यात, पण कात्री लावायला हात होत नाही. हे तीन महिने कसे काढू?

उत्तर:

ताई,

साड्यांचं शेवटी बोलू. आधी त्या ५ मिलिमीटरचं बोलते, कारण बाकी सगळं तिथून सुरू झालंय.

५ मिलिमीटर म्हणजे साधारण अख्ख्या मसुराचा एक दाणा. फुफ्फुसात एवढा ठिपका बऱ्याच गोष्टींचा असू शकतो. जुन्या जंतुसंसर्गाचा वण असतो. कधीतरी शिवून गेलेल्या, आपल्याला कळलंही नाही अशा क्षयाची खूण असते. आपल्या देशात तर हे फार दिसतं. फुफ्फुसाच्या आवरणालगत इवल्याशा लसीका ग्रंथी असतात, त्याही स्कॅनवर ठिपक्यासारख्याच दिसतात. महिनाभर खोकला होता म्हणता, त्या संसर्गाचं काही मागे उरलं असेल, ते काही आठवड्यांत विरून जाईल. आणि स्तनाच्या कॅन्सरचा तिथवर पोचलेला कण असणंही शक्य आहे. हे शेवटचं नाव मी यादीतून वगळणार नाही. तुम्ही ते रोज रात्री वाचताच आहात, मी लपवलं तर माझ्या बाकीच्या बोलण्यावरही तुमचा विश्वास बसणार नाही.

मी हे कुठून बोलते तेही सांगते. सत्तावीस वर्षं मी सीटी विभागात टेक्निशियन होते. पेशंटला टेबलावर झोपवायचं, हात वर घ्यायला सांगायचं, शिरेत सुई लावायची, ‘श्वास घ्या, रोखून धरा’ म्हणायचं. हजारो बायकांना मी ते म्हटलं असेन. मग एके दिवशी त्याच टेबलावर मी झोपले, तुमच्याच आजारानं. त्यामुळे त्या खोलीच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

त्या खोलीतली एक गोष्ट पेशंटला कुणी सांगत नाही. रेडिओलॉजिस्टच्या हातात स्कॅनबरोबर एक चिठ्ठी येते. तुमच्या चिठ्ठीवर पहिल्याच ओळीत स्तनाच्या कॅन्सरची पेशंट असं लिहिलेलं असणार. तोच मसुराएवढा ठिपका स्कूटरवरून पडलेल्या एखाद्या तरुण पोराच्या छातीत दिसला असता, तर रिपोर्टच्या तळाशी अर्ध्या ओळीत उरकला असता. फुफ्फुसातल्या ठिपक्यांचं काय करायचं याचे जगभर वापरले जाणारे नियम फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या स्कॅनच्या तज्ज्ञांच्या संस्थेचे आहेत, २०१७ साली सुधारलेले. कमी धोक्याच्या माणसात ६ मिलिमीटरपेक्षा लहान भरीव ठिपका आढळला तर नेमानं पुन्हा स्कॅन करायचीही गरज नाही, असं ते सांगतात. मात्र आधी कॅन्सर होऊन गेलेल्यांना हे नियम लावायचे नाहीत, असंही तिथंच म्हटलंय. म्हणून तुमच्या रिपोर्टमध्ये ‘नाकारता येत नाही’ हे शब्द आले. ते तुमच्या पूर्वीच्या आजाराकडे बघून लिहिलेत, ठिपक्यात काहीतरी भयंकर दिसलं म्हणून लिहिलेले नाहीत. खरोखर वाईट दिसलं असतं तर रेडिओलॉजिस्ट तसं स्पष्ट लिहितो, आणि डॉक्टर तीन महिने थांबा म्हणत नाहीत.

आता या थांबण्याबद्दल. पत्राच्या सुरुवातीला तुम्ही अंगणवाडी सेविका आहात हे वाचलं आणि वाटलं, हिला समजावून सांगायला माझ्यापेक्षा हिचं स्वतःचं रजिस्टर चांगलं. नवीन मूल अंगणवाडीत येतं. तुम्ही वजन करता, वृद्धीपत्रकावर एक टिंब देता. टिंब जरा खाली आलं. आता हे मूल मुळातच बारीक अंगाचं आहे, नुकतंच जुलाबातून उठलंय, की खरंच त्याची वाढ खुंटलीय? एका टिंबावरून सांगता येतं का? तुम्ही पुढच्या महिन्यात पुन्हा वजन घेता, दुसरं टिंब देता, मग दोन टिंबांमधली रेघ कुठं चाललीय ते बघता. मधला महिना तुम्ही हात बांधून बसलेल्या नसता, ती तुमची तपासणीच चालू असते. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं हेच केलंय. पहिलं टिंब पडलंय. तीन महिने हा या तपासणीचाच भाग आहे.

महिन्याभरातच का नाही? कारण एवढ्या लहान वस्तूत महिन्याभरात मोजण्याजोगा फरक पडत नाही. ५ मिलिमीटरची गाठ आकारमानानं दुप्पट झाली तरी तिची रुंदी होते ६.३ मिलिमीटर. आणि त्याच ठिपक्याला आज एकानं ५ आणि उद्या दुसऱ्यानं ६ म्हणणं हे आमच्याकडे रोजचं. श्वास जरा कमी-जास्त रोखला तरी माप हलतं. घाईनं स्कॅन काढला तर पुन्हा ‘नक्की सांगता येत नाही’ असाच रिपोर्ट हातात येईल, आणि आणखी एक वाट बघणं सुरू होईल. वजनकाटा बदलला की मुलाचं वजन बदलतं हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून दुसरा सीटीसुद्धा शक्यतो त्याच सेंटरवर काढा, आणि पहिल्याची सीडी सोबत न्या.

सीडीवरून आठवलं, आणि माझ्या पूर्ण उत्तरात तुमच्या सर्वांत जास्त कामाची गोष्ट कदाचित हीच असेल. अडीच वर्षांपूर्वी ऑपरेशन किंवा केमोच्या आधी तुमचा छातीचा सीटी किंवा पेट स्कॅन झाला होता का? बऱ्याच जणींचा होतो. झाला असेल तर त्याची सीडी घरात कुठंतरी आहे. फाईलमध्ये, कपाटाच्या वरच्या खणात, फिल्मच्या मोठ्या पाकिटात. ती शोधून काढा आणि ज्यांनी आताचा रिपोर्ट दिला त्या रेडिओलॉजिस्टकडे द्या. त्यांना एवढंच म्हणा, जुन्या स्कॅनशी ताडून बघा. तो ठिपका तेव्हाही तिथंच आणि तेवढाच असेल, तर दुसरं टिंब तुमच्या कपाटातच पडलंय म्हणायचं. भरीव ठिपका दोन वर्षं जसाच्या तसा राहिला तर तो बहुतेक निरुपद्रवी धरतात. जुन्या स्कॅनवर दिसला नाही, तर मात्र लगेच हाय खाऊ नका. पेट स्कॅनमधला सीटी पुष्कळदा श्वास चालू असतानाच काढतात, त्यात असा बारीक ठिपका निसटू शकतो. सीडी सापडली नाही तर जिथं स्कॅन झाला तिथं विचारा, संगणकावर जपून ठेवलेलं असण्याची शक्यता असते.

हे काम तुमच्या मिस्टरांना द्या. त्यांच्याबद्दल मी पुढे बोलणार आहे.

तुमच्या दिरांचं मन मोठं आहे. पैसे मी भरतो असं म्हणणारा माणूस घरात असणं ही लहान गोष्ट नाही, त्यांना तसं जरूर सांगा. पण पेट स्कॅन इथं उत्तर देणार नाही. त्यात साखरेसारखं एक औषध शिरेतून देतात. ज्या पेशी जास्त साखर खातात त्या चकाकतात. कॅन्सरच्या पेशी चकाकतात, तशा क्षयाच्या गाठी चकाकतात, न्यूमोनियाची जागा चकाकते, भरत आलेली जखमही चकाकते. आणि ८ मिलिमीटरच्या आतल्या ठिपक्याबाबत त्या यंत्राची नजर भरवशाची राहत नाही. नाही चकाकला तर ‘लहान आहे म्हणून दिसत नसेल’, चकाकला तर ‘संसर्गही असू शकतो’. हजारो रुपये जातील आणि तुम्ही आज आहात त्याच पायरीवर उभ्या राहाल, वर शरीरात कुठं तरी आणखी एखादी शंकास्पद चकाकी निघाली तर तिच्या मागे धावणं वेगळंच. सुई घालून तुकडा काढायचं म्हणाल, तर श्वासाबरोबर हलणाऱ्या फुफ्फुसात मसुराएवढं लक्ष्य गाठणं कठीण, आणि त्यात फुफ्फुसाला छिद्र पडून हवा बाहेर येण्याचा धोका असतो. दिरांना सांगा, डॉक्टर म्हणतील तेव्हा मी तुमच्याकडेच येईन.

तरीही तुमच्या मनात एक प्रश्न असणार, जो पत्रात लिहिलेला नाही. हे खरंच पसरलेलं असेल, तर तीन महिन्यांत मी संधी घालवून बसले असं होणार नाही ना?

याचं उत्तर शोधायला लोकांनी फार कष्ट घेतलेत. १९९४ साली इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष आले. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झालेल्या अडीच हजारांहून जास्त बायकांचे गट पाडले होते. एका गटाच्या काही त्रास नसतानाही ठरावीक काळानं छातीच्या आणि हाडांच्या तपासण्या केल्या, दुसऱ्या गटाला डॉक्टरांची नेहमीची तपासणी आणि मॅमोग्राफी एवढंच. पसरलेला आजार लवकर सापडवल्यानं आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. तपासण्या तेव्हाच्या होत्या, यंत्रं बदलली, हे खरं. पण आजही काही लक्षण नसताना सरसकट स्कॅन करत बसू नका असं जगभरच्या तज्ज्ञ संस्था सांगतात ते या पायावर. हे वाचायला थंडगार वाटतं, मला कळतं. मला मात्र माझ्या वाईट दिवसांत याच गोष्टीनं आधार दिला. मी वाट बघितल्यानं काही घालवत नाहीये, हे मला कुणीतरी समजावून सांगितलं आणि छातीवरचं एक ओझं उतरलं.

आणि समजा, दुसऱ्या स्कॅनमध्ये ठिपका वाढलेला निघाला. मग पुढच्या तपासण्या होतील, तुकडा काढून तो काय आहे ते ठरेल. तुम्हाला लेट्रोझोल चालू आहे, म्हणजे तुमचा आजार हार्मोनला दाद देणारा होता. या प्रकारात आजार पसरला तरी आज पुष्कळ जणींचे उपचार गोळ्यांनी सुरू होतात, आणि त्या वर्षानुवर्षं घरी, आपापली कामं करत घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात. अशा वेळी देतात त्यातल्या पाल्बोसिक्लिब या गोळीचं पेटंट भारतात जानेवारी २०२३मध्ये संपलं, तेव्हापासून तिची किंमत बरीच खाली आली. हे तुम्हाला आज लागणारही नाही कदाचित. पण रात्री अडीच वाजता मन जेव्हा सरळ शेवटच्या पानावर उडी मारतं, तेव्हा मध्ये बरीच पानं आहेत हे माहीत असलेलं बरं.

डॉक्टरांना पुन्हा भेटाल तेव्हा त्यांना थेट विचारा, तुमचा स्वतःचा अंदाज काय? बहुतेक डॉक्टर आपण होऊन अंदाज सांगत नाहीत, विचारलं तर सांगतात. ठिपका तेवढाच राहिला तर पुढे काय, वाढला तर काय, हेही विचारा आणि तिथंच वहीत लिहून घ्या. मधल्या काळात काही झालं तर कुणाला फोन करायचा तो नंबर घ्या. समाधान झालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा पहिल्यांचा अपमान नसतो. टाटा मेमोरियलशी जोडलेली ‘नव्या’ नावाची सेवा तर घरबसल्या कागदपत्रं बघून मत कळवते.

काही गोष्टींसाठी मात्र तीन महिन्यांची तारीख पाळत बसायचं नाही. थुंकीतून रक्त आलं, धाप लागायला लागली, एका जागी हाड सतत आणि रात्रीही दुखायला लागलं, पायातलं बळ कमी वाटलं, डोकेदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या, ऑपरेशनच्या वणाजवळ, काखेत किंवा मानेला गाठ लागली, काही न करता वजन उतरलं, तर लगेच डॉक्टरांकडे. सकाळी उठताना बोटं आणि गुडघे आखडतात, थोडं चाललं की सैल होतात, ते दुखणं बहुधा लेट्रोझोलचं. घाबरण्यासारखं नसलं तरी तेही डॉक्टरांना सांगा. आणि खोकला परत येऊन दोन आठवडे राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, ती तपासणी मोफत असते. गावातल्या लोकांना तुम्ही स्वतःच हे सांगत असाल.

आता मिस्टर. निगेटिव्ह विचारांनी आजार वाढतो, असं ते म्हणतात. ताई, हे खरं नाही. भीतीनं गाठ वाढत नाही आणि हसतमुख राहिल्यानं ती विरघळत नाही. हे वाक्य ऐकून ऐकून आपल्याकडच्या कितीतरी बायका दुहेरी शिक्षा भोगतात. आधी आजाराची भीती, मग आपण घाबरलो म्हणजे आजार आपणच ओढवून घेतला ही दुसरी भीती. केमोच्या वॉर्डात मी बायकांना रडायला बाथरूममध्ये जाताना पाहिलंय, का तर बाहेर सगळे पॉझिटिव्ह राहा म्हणत बसलेत. तुम्हाला रडू आलं तर रडा. पेशींना ते कळत नाही.

पण तुमच्या मिस्टरांवर रागावू नका. त्या वाक्याच्या मागे त्यांची स्वतःची भीती आहे, आणि तिच्याशी काय करायचं ते त्यांना कुणी शिकवलेलं नाही. पुरुषांना आपल्याकडे धावपळ दिली की बरं वाटतं. ती सीडी शोधायला सांगा. सेंटरवर फोन करायला सांगा. दोघं असाल तेव्हा एकदा म्हणा, मला उपाय नको, मी दहा मिनिटं बोलते, तुम्ही फक्त ऐका. पहिल्यांदा त्यांना जमणार नाही, मध्येच बोलतील. दुसऱ्या खेपेला जमेल.

रात्रीचं काय करायचं? मी जे केलं ते सांगते, मानसोपचारातही साधारण असंच शिकवतात. काळजीला दिवसातली एक वेळ नेमून द्या. अंगणवाडी सुटून घरी आल्यावर, चहानंतर, वीस मिनिटं. वही घ्या आणि मनात येईल ते सगळं लिहा, कितीही वाईट असो. वेळ संपली की वही बंद करून हाताला काम घ्या. रात्री तोच विचार आला की त्याला सांगायचं, तुझी वेळ उद्या पाचची. सुरुवातीला हा पोरखेळ वाटतो. मला आठ-दहा दिवस लागले. विचार यायचे थांबले नाहीत, पण ते आले की मी उठून बसायचं थांबले. मोबाइलवर आजाराबद्दल वाचणं संध्याकाळनंतर पूर्ण बंद. आणि तो रिपोर्ट तुम्ही फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवला असेल, हो ना? काढून टाका. कागद फाईलमध्ये आहे, तो पुरे. रोज उघडून वाचल्यानं त्यातलं एक अक्षरही बदलत नाही. झोप अगदीच येत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यावर उपचार आहेत. १४४१६ या नंबरवर सरकारची टेलिमानस सेवा आहे, फोन मोफत, रात्रीही कुणीतरी उचलतं आणि मराठीत बोलता येतं. मन आवरेना म्हणून तिथं फोन करणं यात कमीपणा नाही.

माझं स्वतःचं थोडं. उपचार होऊन चार वर्षं झाल्यावर माझ्या यकृतात ७ मिलिमीटरचा ठिपका दिसला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, इतका लहान आहे की काय आहे ते ठरवता येत नाही. अशा ओळी टाईप झालेले रिपोर्ट मी स्वतःच्या हातांनी पाकिटात घालून किती जणींना दिले होते! ते पाकीट देताना खिडकीतल्या माणसानं मला बारीक आवाजात म्हटलं, ‘लवकर दाखवा हं डॉक्टरांना.’ त्याला रिपोर्टमधलं काही कळत नव्हतं, तो सगळ्यांनाच तसं म्हणायचा. मी मात्र त्या ‘हं’वर दोन रात्री काढल्या. टेबलावरून उतरताना पेशंट आमच्या चेहऱ्याकडे का बघतात ते मला तेव्हा समजलं. तुम्हीही बघाल. त्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं नसतं, ताई. टेक्निशियन मान वळवतो तेव्हा त्याला बहुतेक पुढच्या पेशंटची घाई असते.

त्या ठिपक्याला पाच वर्षं झाली. दर वेळी तो तेवढाच निघतो. आजवर त्याला कुणी नाव दिलेलं नाही आणि आता मीही मागत नाही. तुमचंही तसं होऊ शकतं, हे आधीच सांगून ठेवते. दुसऱ्या सीटीनंतर ‘तेवढाच आहे, सहा महिन्यांनी बघू’ असं ऐकलं, तर ती चांगली बातमी आहे. त्या दिवशी ती तशी वाटणार नाही कदाचित, कारण आपण ‘काही नाही’ हे दोन शब्द ऐकायला गेलेलो असतो.

लेकीला सांगायचं का? सांगा. गरोदर आहे, तिला त्रास होईल, हे तुमच्या मनात येणार आणि घरातले सगळे तेच म्हणतील. पण ती पुढच्या महिन्यात तुमच्याच घरात येणार आहे, दोन खोल्यांच्या अंतरावर झोपणार आहे. तुमची रात्रीची येरझार तिला पहिल्याच आठवड्यात कळेल. मग ती अंदाज बांधेल, आणि लेकीचे अंदाज खऱ्या गोष्टीपेक्षा भयंकर असतात. शिवाय आज लपवलंत, तर पुढे तुम्ही ‘सगळं ठीक आहे’ म्हणाल तेव्हा तिला ते कधीच खरं वाटणार नाही. माझ्या आईनं तिचं दुखणं माझ्या परीक्षेपायी लपवलं होतं. ती गेल्यानंतर किती वर्षं मला त्या परीक्षेचा राग होता!

फोनवर सांगू नका, रात्री तर नाहीच. ती आली की, शक्यतो जावईही असताना, एकदाच आणि साध्या शब्दांत सांगा: फुफ्फुसात एक बारीक ठिपका दिसलाय, काय आहे ते आत्ता कळत नाही, अमुक तारखेला पुन्हा बघणार आहेत, तोवर मला काही त्रास नाही. मला भीती वाटते हेही सांगा. ते सांगितल्याशिवाय वरचं सगळं तिला खोटं वाटेल. जेवढं तुम्हाला माहीत तेवढंच, त्यापुढचं ‘काही होणार नाही गं’ जोडू नका.

तारखेचा एक पेच दिसतोय. तुमचा सीटी आणि तिचं बाळंतपण साधारण एकाच सुमाराला येतंय. डॉक्टरांना विचारा की एक-दोन आठवडे मागे-पुढे चालेल का. एवढ्या फरकाला ते बहुधा हरकत घेत नाहीत, पण त्यांच्या तोंडून हो घ्या, आपल्या मनानं पुढे ढकलू नका. आणि सीटी काढून आल्यावर बाळाला घ्यायला काही आडकाठी नाही, एक्स-रेसारखाच तो, अंगात काही उरत नाही. पेट स्कॅनमध्ये मात्र अंगात गेलेलं औषध काही तास किरण सोडत असतं, त्या दिवशी गरोदर बाई आणि तान्ह्या बाळापासून लांब राहायला सांगतात. दिरांना द्यायला हे आणखी एक कारण.

स्कॅनच्या दिवसाची आखणी आत्ताच करून टाका. डॉक्टरांची वेळ स्कॅनच्या दुसऱ्याच दिवशीची घ्या. रिपोर्ट हातात पडणं आणि डॉक्टरांनी तो समजावणं यांच्यामधले दिवस सगळ्यांत वाईट, ते जेवढे कमी तेवढं चांगलं. पाकीट घरी उघडायचं नाही, मोबाइलवर आलं तरी उघडायचं नाही, डॉक्टरांसमोरच बघायचं, असं दोघांनी ठरवा आणि पाळा. सोबत असा माणूस न्या जो कमी बोलतो.

आणि साड्या. तुम्ही लिहिलंत, हात होत नाही. कात्री लावली आणि नंतर आपणच नसलो तर, असं मनात येत असणार. मी सुईदोऱ्याची बाई नाही, पण एवढं जाणते की बाळ तुमच्या स्कॅनची वाट बघणार नाही. ते त्याच्या वेळेला येणार आणि पहिल्या दिवसापासून त्याला दहा-बारा दुपटी लागणार. विकतच्या नव्या कापडाला खळ असते, ते टोचतं. तुमच्या अंगावर वीस वर्षं धुऊन मऊ झालेल्या सुतासारखं दुसरं काही बाजारात मिळत नाही. साड्या पुन्हा एकदा गरम पाण्यातून काढा, कडक उन्हात वाळवा. काठ आणि जर आधी उसवून बाजूला ठेवा, ते बाळाला काचतात. पहिली साडी एकट्यानं फाडू नका. मिस्टरांना एक टोक धरायला सांगा.